भिंतीकडची जागा

सासूबाई गेल्याचं मला शाळेत कळलं. तास संपवून मी शिक्षकखोलीत येत होते, तेवढ्यात शिपायानं सांगितलं, कोल्हापूरहून फोन आहे. पलीकडं सुलभा होती, सासूबाईंची शेजारीण. "वहिनी, बाई गेल्या," ती म्हणाली. "चहा घेत बसल्या हुत्या. मी साखर आणाय म्हणून उठलो आन्..." आमच्याकडच्या बऱ्याच बायका स्वतःबद्दल असंच 'उठलो, गेलो' बोलतात, सासूबाईही तशाच बोलायच्या. प्रकाशला कळवलंस का, असं मी विचारलं. "तुम्हीच सांगा. मला न्हाय जमणार," म्हणाली.

प्रकाश माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा. वारणानगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो काम करतो. मी चालत तिथं गेले. त्यानं माझ्याकडं बघितलं, हातातली काचेची नळी जागेवर ठेवली, हात धुतले आणि विचारलं, "कधी?" दुपारच्या एसटीनं आम्ही कोल्हापूरला निघालो. वाटेत तो एकदाच बोलला. "जागा कुठली देतील?" माझ्या आधी लक्षात आलं नाही... तो आईच्या कबरीबद्दल विचारत होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, ठाऊक नाही. मी गारगोटीच्या बौद्ध घरातली. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देव हा विषय संपला. प्रार्थनेनं काही होतं असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. सासूबाईंचं मात्र सगळं आयुष्य प्रार्थनेत गेलं. तरीही दहा-बारा वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं, आणि जे पाहिलं तेवढंच इथं लिहिते आहे.

त्यांचं नाव मार्थाबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून चर्चच्या आसपासची सगळी वस्ती त्यांना 'बाई' म्हणायची. अंगानं किरकोळ, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. स्वभाव गोड होता असं म्हणवत नाही. उपासनेला उशिरा येणाऱ्यांकडं त्या मान वळवून बघायच्या. प्रवचन लांबलं की पाळकसाहेबांना तोंडावर सांगायच्या, "साहेब, पाच मिनिटं आधी संपवलं आसतं तर ध्यानात ऱ्हायलं आसतं." चर्चमध्ये नेमानं येणाऱ्यांना त्या फार कडक होत्या, कधी कधी अन्याय वाटावा इतक्या. जे यायचे बंद झाले होते, त्यांच्याशी त्या वेगळं वागायच्या. हे वेगळेपण कुठून आलं, ते सुलभाच्या बोलण्यातून मला हळूहळू कळलं. प्रकाश त्याबद्दल स्वतःहून कधी बोलत नाही.

माझे सासरे योसेफ मंडळीचे पंच होते, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. नव्वदीच्या सुरुवातीला ते आजारी पडले. घरी प्रार्थना सुरू झाल्या. प्रकाश नुकताच पदवीधर झालेला. त्याचं म्हणणं, वडिलांना मोठ्या दवाखान्यात न्यावं. चारचौघांनी सांगितलं, थोडं थांब, विश्वास ठेव. थांबता थांबता उशीर झाला आणि ते गेले. नंतर घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली होती. त्या दिवसांत बाहेरगावचे एक उपदेशक सभा घ्यायला आले होते, त्यांनाही बोलावलं होतं. ते बोलता बोलता म्हणाले, घरातला एक जण जरी अविश्वासानं बसला असेल तर साऱ्यांची प्रार्थना अडते. आणि त्यांनी प्रकाशकडं बघितलं. प्रकाश उठला, पायात चपला घातल्या आणि निघून गेला. त्यानंतर त्यानं चर्चची पायरी चढली नाही.

सुलभा तिथंच होती. ती सांगते, बाई प्रार्थना संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या. सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणाल्या. मग डोळे उघडून त्या उपदेशकांना म्हणाल्या, "पावणं, च्या झाला आसंल तर उठा आता."

पुढच्या रविवारी काय होतंय याकडं लोकांचं लक्ष होतं. बाई मुलाच्या वतीनं माफी मागतील असं काहींना वाटलं. काहींना वाटलं, त्याही यायच्या बंद होतील. त्या वेळेवर आल्या, नेहमीच्या बाकावर बसल्या आणि मोठ्यानं गायल्या. कुणीतरी बाहेर विचारलंच, एवढं होऊनही आलात? "माझं भांडाण त्या पावण्याशी हाय," त्या म्हणाल्या. "देवाशी कशाला आसंल?"

माझी आणि प्रकाशची ओळख वारणानगरला झाली. लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा माझे वडील अडून बसले. "आपण एका दारातनं भाईर पडलो," ते म्हणाले, "आता दुसऱ्याच्या दारात हुबं ऱ्हायाचं व्हय?" प्रकाशनं त्यांना सांगितलं, मी कुठल्याच दारात नाही. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही, पण ते गप्प बसले. मला खरी धास्ती सासूबाईंची होती. बाप्तिस्मा घ्यायला सांगतील, या तयारीनं मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. उत्तरंही पाठ केली होती. त्यांनी मला समोर बसवलं, नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमच्यात लग्नात काय करत्यात?" आम्ही नोंदणी करणार आहोत, म्हटलं. "ते झालं गं. तुमच्यात काय करत्यात?" मी सांगितलं... वंदना घेतात, पंचशील म्हणतात. "मग ते करा की. नुसत्या सह्या केल्या तर लगीन झाल्यागत वाटत न्हाय." माझी पाठ केलेली उत्तरं तशीच राहिली.

गारगोटीच्या छोट्या विहारात लग्न झालं. सासूबाई उपासनेला नेसायच्या तेच पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. आमच्याकडच्या बायकाही पांढऱ्यातच होत्या. त्यामुळं सतरंजीवर बसलेल्या सासूबाई बाहेरच्या आहेत हे कुणाला उमगलं नाही. माझ्या मावशीनं त्यांना विचारलं, "तुमी कुठल्या वो?" त्या म्हणाल्या, "मी पोराची आई." मावशी दचकून बाजूला सरकली. सगळे हात जोडून वंदना म्हणत होते तेव्हा सासूबाईंनी हात जोडले नाहीत. मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसल्या. त्या तेव्हा मनात आपल्या देवाला काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला राग आला नाही.

मंडळीतल्या लोकांना राग आला. मुलगा गेला तो गेला, त्याची आई विहारात जाऊन बसते, हे पंचांना फार झालं. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, रविवारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी शिकवण्याचं काम तुम्ही आता थांबवा. ते काम त्या लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. त्या भांडल्या नाहीत. शाळेतल्या फळ्यासारखा तो विषय पुसून टाकला. मात्र रविवारची उपासना संपल्यानंतरचा वेळ त्यांना खायला उठू लागला. मला वाटतं, त्यातूनच पुढचं सगळं सुरू झालं.

चर्चमध्ये यायचे बंद झालेल्यांच्या घरी त्या जाऊ लागल्या. पहिली सुलभाच. ती तेव्हा मंडळीत नियमित होती, पण तिचा मुलगा महिनाभर तापानं फणफणला. औषधं चालूच होती, कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं जोतिबाला नवस बोलला आणि पोर बरं झाल्यावर त्याला डोंगरावर घेऊन गेली. परत आली ती गुलालानं माखून. गल्लीनं पाहिलं आणि दोन दिवसांत सगळ्या मंडळीला कळलं. सुलभानं लाजेनं चर्च सोडलं, दार लावून घरात बसू लागली. सासूबाईंनी ते दार वाजवलं. पुढचा संवाद सुलभा आजही नक्कल करून सांगते.

"गुलाल लावलास म्हनं?"

"लावला, बाई."

"पोरगं बरं हाय?"

"हाय."

"मग त्येचं डोसकं धू की नीट. डोळ्यात जाईल गुलाल."

आणि त्यांनी स्वतः पाणी तापवून पोराला न्हाऊ घातलं. सुलभा पुढं वर्षभरानं चर्चमध्ये परत गेली. तशा सगळ्या गोष्टी गोड झाल्या नाहीत. एका घरानं सासूबाईंना दारातूनच परत पाठवलं, पंचांची हेर समजून. एक जण त्यांना बघितलं की मागच्या दारानं निघून जायचा. त्या पुढच्या रविवारी पुन्हा जायच्या. त्याचा त्यांना कमीपणा वाटत नसे, आणि त्याला त्रास होत असेल हेही त्यांच्या ध्यानात येत नसे.

त्यांच्याबरोबर मी गेले ती दानिएल मास्तरांकडं. दानिएल मास्तर म्हणजे चर्चमध्ये पेटी वाजवणारे, गाणाऱ्यांना ताल देणारे. एका रविवारी गीत चालू असताना त्यांनी मधेच भाता सोडला, पेटी झाकली आणि बाहेर पडले. विचारायला गेलेल्यांना एवढंच म्हणाले, "मला हे आता खरं वाटत न्हाय. खोटं कसं वाजवू?" काय बिनसलं होतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. नंतर दारू लागली. एका गुड फ्रायडेला ते पिऊन उपासनेत आले आणि मोठमोठ्यानं बोलू लागले. पंचांनी त्यांना प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीतून, काढलं. त्यांचं मागंपुढं कुणी नव्हतं. रंकाळ्याच्या बाजूला एका खोलीत ते एकटे राहायचे.

आम्ही गेलो तेव्हा ते उंबऱ्यात बसले होते. सासूबाईंच्या हातात डबा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"परत बोलवाय आलाय काय, बाई?"

"न्हाय. मटाण जास्त झालंय."

"पाळकसाहेबांनी धाडलंय?"

"त्येंनी धाडाय ते कशाला? त्येंना पाय न्हाईत व्हय?"

मास्तर हसले. डबा घेतला. तासभर दोघं पूर्वीच्या गायकांबद्दल, कोण बेसूर होतं आणि कोण सुरात, यावर वाद घालत बसले. देवाचं नाव निघालं नाही. परतीच्या वाटेवर मी सासूबाईंना विचारलं, याचा उपयोग काय? ते काही दारू सोडणार नाहीत, चर्चमध्येही येणार नाहीत. त्या चालता चालता थांबल्या. "मेंढरू हरावलं की धनगर हाका मारतो," त्या म्हणाल्या. "ते लगेच येतंय आसं न्हाय. पर हाक बंद केली तर त्येला वाटंल, आपल्याला कुणी हुडकतच न्हाय." मग लगेच वैतागून म्हणाल्या, "चल की आता. गुडघं दुखाय लागल्यात." मास्तरांनी दारू सोडली नाहीच.

ते गेले तेव्हा नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सकाळी शेजाऱ्यांना ते खोलीत मेलेले सापडले. दुपारी चर्चच्या व्हरांड्यात पंच बसले. आम्ही सुट्टीत कोल्हापुरातच होतो, मी सासूबाईंबरोबर गेले. पाळकसाहेब नवीन होते, तरुण, मनानं वाईट नव्हते, पण पंचांपुढं त्यांचं चालत नसे. एक वयस्क पंच म्हणाले, माणूस मंडळीच्या शिस्तीखाली होता, प्रभुभोजनातून काढलेला, आपल्या कबरस्तानात त्याला कसं ठेवणार? दुसऱ्यानं जरा मऊ कारण काढलं. कबरस्तानात जागाच उरलेली नाही. आहेत त्या मंडळीतल्या घरांनी आपापल्या माणसांशेजारी राखून ठेवल्यात.

"माझी हाय की," सासूबाई म्हणाल्या. "योसेफच्या शेजारची. ती द्या."

मग ते वयस्क पंच म्हणाले, "बाई, आसं काय करताय? मग तुमाला?"

"माझं काय? मी मंडळीतली हाय. माझी सोय तुमाला करावीच लागंल. त्येची कोण करणार?"

पाळकसाहेब खाली बघत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चार वाजता नेऊया." पंचांपैकी दोघं उठून गेले. बाकीचे आले.

पेटी वाजवायला कुणी नव्हतं, जो वाजवायचा तोच पेटीत होता. सासूबाईंनी गीत सुरू केलं. त्यांचा सूर मुळात बेताचा, त्या दिवशी तर पारच गेला होता, पण त्या थांबल्या नाहीत. सुलभानं साथ दिली, मग हळूहळू आणखी आवाज मिसळले. प्रकाशनं खांदा दिला. वडिलांना पुरल्यावर तो पहिल्यांदाच तिथं आला होता. वडिलांच्या शेजारी दुसराच माणूस उतरवताना त्यानं बघितला आणि घरी आल्यावर तो आईवर जन्मात पहिल्यांदा ओरडला. "बाबांच्या शेजारी तो? तुला आमच्यापैकी कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

सासूबाई लुगड्याला लागलेली माती झटकत होत्या. "तुझ्या बाबाला गाणं आवडायचं," त्या म्हणाल्या.

प्रकाश बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. आमचं दर रविवारी कोल्हापूरला जाणं चुकत नसे, पण तो जेवून बाहेर जाऊन बसायचा. त्यांनी समजावलं नाही, रडारड केली नाही. त्याच्या ताटात आधी वाढायच्या, एवढंच. तो राग कधी उतरला ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण अलीकडं, त्यांची तब्येत खालावल्यावर, एका सकाळी दोघं व्हरांड्यात बसले होते. मी आत भाजी निवडत होते. प्रकाश म्हणाला, "आई, इतक्या वर्षांत मला तू एकदाही म्हणाली नाहीस. परत ये म्हणून."

"तुला कशाला म्हणू? ज्येला म्हणायचं त्येला रोज म्हणतो की मी."

"आणि तो काही ऐकत नाही."

"ऐकत न्हाय कसा?" त्या म्हणाल्या. "तू येतोस की दर रविवारी."

प्रकाश हसला. मी भाजी निवडत राहिले.

त्या दिवशी एसटीत त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला संध्याकाळी मिळालं. कबरस्तानाच्या मागच्या भिंतीलगत जागा होती. तिथं बेवारशी माणसं आणि बाप्तिस्मा न होता गेलेली लेकरं पुरलेली आहेत. पाळकसाहेबांना ते लागलं होतं. ते म्हणाले, दुसऱ्या एका घराला विचारून बघतो, पुढची जागा देतील. प्रकाशनं नको म्हटलं. "तिथंच ठेवा."

दफनाला अपेक्षेपेक्षा जास्त माणसं आली. पण बरीच जणं फाटकातून आत आली नाहीत. मागच्या गल्लीत, भिंतीपलीकडं उभी राहिली. त्यातल्या काहींना मी ओळखत होते. मागच्या दारानं निघून जाणारा तो माणूसही होता. पाळकसाहेबांनी दोनदा आत बोलावलं, ती जागची हलली नाहीत. भिंत कमरेएवढीच आहे. कबर भिंतीला लागून होती, त्यामुळं बाहेरच्यांना सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. पाळकसाहेबांनी मग वेगळंच केलं. आतल्या लोकांकडं पाठ होईल अशा बेतानं ते कबरीच्या या बाजूला आले आणि भिंतीकडं तोंड करून प्रार्थना केली. 'आमेन' दोन्हीकडून आलं. प्रकाश म्हणाला नाही, मी त्याच्याकडंच बघत होते. त्यानं माती टाकली, दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा, शेवटी सुलभाच्या नवऱ्यानं त्याला धरून बाजूला घेतलं.

काही दिवसांनी आम्ही घर रिकामं करायला गेलो. घर भाड्याचं होतं, सोडायचं ठरलं होतं. टेंपो दारात उभा होता. भांडी पोत्यात भरली, खुर्च्या एकात एक घालून सुतळीनं बांधल्या. एवढ्यात दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, हातात कापडी पिशवी. "बाई हायत का?" त्यानं विचारलं. चंदगडहून आला होता. पिशवीत काजू होते. प्रकाशनं त्याला सांगितलं. त्या माणसानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि जायला वळला.

"थांबा," प्रकाश म्हणाला. "आत या. बसा."

खोलीत बसायला काहीच नव्हतं. प्रकाश खाली बसला आणि खुर्च्यांची सुतळी सोडू लागला. गाठ घट्ट होती, त्यानं दातांनी ओढली. एक खुर्ची त्या पाहुण्यापुढं ठेवली, एक स्वतःला घेतली. मी पोत्यातून पातेलं काढून चहा ठेवला. पाहुणा म्हणाला, मी पूर्वी उपदेशक व्हायला शिकत होतो, मधेच सोडलं. मग अवघडून म्हणाला, "मी चर्चला जात न्हाय. बाईंना ठावं हुतं."

"मीपण नाही जात," प्रकाश म्हणाला. "चंदगडला पाऊस काय म्हणतोय?"

ते बोलत बसले. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा प्रकाश उठून बाहेर गेला, त्याच्याशी काहीतरी बोलला. टेंपो रिकामाच निघून गेल्याचा आवाज मी ऐकला. परत येऊन त्यानं पाहुण्याला विचारलं, "जेवूनच जाता की?"

घर आम्ही अजून सोडलेलं नाही. रविवारी प्रकाश दार उघडून बसतो. कधी कुणी येतं, कधी येत नाही.